नमुना सात

यादीतून नाव उडवायचं तर कारण लागतं.
भाग क्रमांक एकशे बारा, मुक्काम बोरखेडी,
मी अंगणवाडीची बाई, वरून बीएलओ.
एका काखेत पोषण आहाराचं रजिस्टर,
दुसऱ्या काखेत सगळं गाव.

पुंडलिक भोयर भर दुपारी आला.
चपला पायरीच्याही खाली काढल्या, लांब,
भिंतीला समांतर लावून ठेवल्या.
तेरा वर्षं सहा महिन्यांची सवय असावी.
"बाई, माह्यं नाव लिवून घ्या."

जुनी यादी काढली. नावावर लाल रेघ,
बाजूला माझ्या आधीच्या मास्तरांचं टपोरं अक्षर:
स्थलांतरित.
हसू आलं, आणि अर्ध्यातच राहिलं.
अमरावतीच्या तुरुंगात गेलेला माणूस,
जसा काही वणीच्या खाणीत कामाला लागला होता.

"मले चालते न, मत?"
"आत असेस्तोवर नाही. बाहेर आलं की चालते."
"थे तं म्हनत, कायमचं गेलं."
"कोण?"
"बराकीतले."
मग खालच्या फरशीला म्हणाला,
"तिथं सारंच कायमचं वाटे."

नमुना सहा भरला.
पुरावा म्हणून भावाचं वीजबिल, दोन महिने थकलेलं.
काय केलं होतं, असा रकाना त्यात नाही.
तरी सही करताना मी त्याचे हातच पाहत होते.
धुऱ्यावरच्या बाभळीचं भांडण ते. गाव अजून
पुरं वाक्य करत नाही. "थे बाभयीचं," म्हणतात,
आणि बैलाला पाणी दाखवायला उठतात.

तिसऱ्या दिवशी पंचफुला आली. अजाबरावची.
बसली नाही.
"नाव कापाचा बी कागद असते म्हने. थो द्या."

दिला. नमुना सात.
तिला वाचता येत नाही, मी वाचत गेले:
मृत्यू. वय कमी. गाव सोडलं.
नाव दोनदा आलं. भारताचा नागरिक नाही.
"अन् जीव घेतला असंन तं?
त्याचा खाना कोनता?"

मी कागद उलटून पाहिला,
माहीत असून, तिच्यासाठी.
मागं नुसती पोचपावती होती.

भिंतीवरच्या कागदी फुलपाखरांत
पालीनं एकदा इकडून तिकडे केलं.
मग ती म्हणाली, "आमच्या घरच्यायचं नाव पाहा बरं."

होतं. अनुक्रमांक चारशे एकोणीस.
अजाबराव वानखडे, पुरुष, वय एकसष्ट.
सत्तेचाळिसाव्या वर्षी धुऱ्यावर पडलेला माणूस
माझ्या यादीत दर साली एकेक वर्षानं म्हातारा होत होता,
कुणीच कागद भरला नव्हता.
"एकसष्टचे झाले काय थे?"
तिनं बोट त्या ओळीवर ठेवलं. चुकीच्या.
मी ते धरून एक ओळ खाली सरकवलं.

नमुना सात तिनं भरला.
पहिलाच खाना. खूण मी केली, अंगठा तिचा.
कापड पुढं केलं, तर नको म्हणाली,
निळा अंगठा तसाच मुठीत घेऊन गेली.

तहसीलला कळवलं:
पुरुष मतदार, वाढ एक, वगळणी एक.
बदल निरंक.

मतदानाच्या दिवशी ऊन चव्वेचाळीस.
शाळेच्या वऱ्हांड्यात दोन रांगा, मधे एकच रांजण,
त्यावर साखळीनं बांधलेला एकच पेला.
पुंडलिक बाहेर आला, शाईचं बोट
अंगापासून दूर धरून, ओला रंग लागलेल्या पोरासारखा.
पाणी प्याला. पेला पालथा घातला.

बायांच्या रांगेतून पंचफुला पुढं झाली.
पेला घेतला, विसळला.
थांबली. पुन्हा विसळला.
रांग बोलायची थांबली होती, मीही
कुणाची तरी चिठ्ठी हातात धरून उभी होते.

तिसऱ्यांदा तिनं पेला भरला
आणि प्याली.