पावणेसात

पिर्गोसच्या शाळेत पहिला धडा एक डोळा मिटण्याचा.
हात ताठ, पेन्सिल उभी,
टोक टाळूशी, अंगठा हनुवटीपाशी आणायचा
आणि ते एवढंसं डोकं
खाली खाली मोजत न्यायचं पावलांपर्यंत.
थानासिस मास्तर म्हणायचे, आठ.
आठ वेळा भरलं तर देव, साडेसात तर माणूस,
त्याखाली नुसता हिशेबातला घोटाळा.

स्त्रातिस पावणेसात भरला.
तीनदा मोजला. पावणेसात.
तासाला चाळीस द्राख्मांवर उभा होता
रॉकेलच्या शेगडीला पाठ करून,
उभा जन्म संगमरवराच्या खाणीत काढलेला,
उजवा खांदा दोन बोटं खाली,
दोर रुतायचा तिथली कातडी निराळ्या रंगाची.
ओळंबा धरला की तो बेंबीवरून न जाता
भलतीकडेच जाई,
वाटेत कुणी ओळखीचं भेटल्यासारखा.

"दुरुस्त कर, आर्गिरो," मास्तर मागून म्हणाले.
केलं.
गुडघे खाली ओढले, पोटऱ्या लांबवल्या,
खांदे एका रेषेत आणले, मान सोडवली.
कोळसा छान चालत होता त्या दिवशी.
आठ. काठोकाठ.

सुट्टीत उघड्या अंगावर ओव्हरकोट टाकून
तो पाव खात आला,
ऑलिव्हच्या बिया खिशात टाकत.
मला वाटलं, हसेल. नाहीतर चिडेल.
कागदासमोर बराच वेळ चघळायचा थांबला.
मग म्हणाला, "हा मार्कोस."

धाकटा. कुणावर गेला होता कोण जाणे, उंच निघाला.
नवं दार करायचं तर याच्या मापाचं करू, आई म्हणायची.
पंचावन्न साली मेलबर्नला गेला.
एक फोटो आला,
त्यातही बसलेला.

मी विचारलं (आणि विचारतानाच जीभ चावली),
त्याचं डोकं आठ वेळा भरायचं का?

"मोजलंय कुणी?
धक्क्यावर हात मात्र असाच धरला होता मी,"
आणि त्यानं हात ताठ केला, डोळा मिटला.
"आगबोट सुटली तेव्हा अंगठ्याएवढा होता.
मग नखाएवढा.
मग नखच राहिलं."

सुट्टी संपली. कोट खुंटीला.
तोच पाय पुढे, तोच खांदा खाली.
मास्तर येऊन म्हणाले, आता कसं बरोबर,
आणि पुढच्या बाकाकडे गेले.

मी तो कागद उतरवून ठेवला, दुसरा लावला.
पावणेसात.
खांदा होता तिथंच.
आणि शेजारी, मास्तरांच्या नजरेत येणार नाही इतकं फिकट,
एक दार.
जरा उंच.