अकराला बत्तीस

साइडकार मार्चमध्येच काढली, निमगडे काका म्हणाले,
तरी गाडी ओझं ओढल्यावानी कण्हते.
वर्धा रोडवर साठच्या पुढं नुसती केकाटून राहिली.

केकाटणारच.
मागच्या डब्यात नवाला बत्तीस दाते.
ती जोडी वजनासाठी होती:
काकू, काकूंच्या मांडीवर शिलाई मशीन,
कामठीचा क्लास, तेवीस वर्षं.

मे महिना. लोहापुलाजवळच्या माझ्या शेडमध्ये
पाना उचलला की बोट भाजतं.
या कामाला तेच बरं.
हाउसिंग उन्हात ठेवलं, बेअरिंग कुल्फीवाल्याच्या बर्फात,
हातोडी न लावता बसलं, अल्लद.

नव्या दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर फासला,
हातानं फिरवलं. डाग कडेला.
शिम बदलली. परत कडेला.
चौथ्यांदा खोललं तेव्हा कुठं मधोमध आला.

जुनी जोडी फोडायची नसते.
दोघांवर एकच नंबर कोरलेला,
एकमेकांवर घासून घासूनच गुळगुळीत झालेले.
तारेनं बांधून दिली.
काकांनी ती रुमालात गुंडाळली, भंगारात टाकू म्हणाले नाहीत.

संध्याकाळी बुटीबोरीपर्यंत जाऊन आले.
गाडी शांत झाली रे, म्हणाले,
पण काटा खोटं बोलते.
पंचेचाळीस सेकंदाला किलोमीटरचा एक दगड,
अन् हा पासष्टवरच.

मीटरचं गिअर बदलावं लागेल, मी म्हटलं,
शोधतो मोमिनपुऱ्यात.

हेल्मेटचा पट्टा लावता लावता थांबले.
राहू दे बे.
तो अजून तिला धरून मोजते.