बारदान वजा करून

शांतवन मापाडी होते, तुर्भ्याच्या मार्केटात,
एकतीस वर्षं.
कांदा-बटाट्याच्या गाळ्यातून त्यांची हाळी
बाहेर उभ्या ट्रकांपर्यंत जायची,
आणि रविवारी, शाळेच्या हॉलमधल्या उपासनेत
तोच आवाज शास्त्रपाठ वाचायचा.
माईक लागत नसे.
प्रवचन लांबलं की घरी येताना म्हणायचे,
"बारदान वजा केलं, तर दीड किलो."

मग डोक्यात एक शीर फुटली.
वाशीच्या दवाखान्यातून घरी आणले तेव्हा
उजवा हात निजलेला
आणि तोंडात एकच शब्द उरलेला: कांदा.

चहा कांदा. खिडकी कांदा. मी, तबिथा, कांदा.
एकदा डोळ्यांतून पाणी आलं, तेही कांदा.
शेजारच्या भोईरकाकू म्हणाल्या, "यात तरी चूक नाही हो,"
आणि आम्ही तिघंही हसलो,
ते सगळ्यात जास्त.

थेरपीची मुलगी चित्रं दाखवते: छत्री, गाय, कुलूप.
"शब्द तुम्ही देऊ नका, आजी. थांबा."
म्हणून रोज रात्री साडेनऊला,
कोपरखैरण्याच्या या एका खोलीत
प्रभूची प्रार्थना मी भाकरीच्या ओळीपर्यंत नेते
आणि अर्धी सोडून देते.
पंखा फिरतो. वर कुणीतरी खुर्ची ओढतं.
त्यांचे ओठ मिटतात, उघडतात,
गळ्यातून काहीतरी चढत येतं
पाठीवर पोतं घेतलेल्या हमालासारखं,
आणि दारात टेकून म्हणतं: कांदा.
आमेन, म्हणते मी.

खोटं कशाला बोलू,
लेंटच्या दिवसांत एका रात्री मी थांबले नाही.
पाय सुजलेले, गॅस संपलेला, मुलाचा फोन नाही.
सगळी प्रार्थना एका दमात म्हणून टाकली,
नवऱ्याला न वाढता जेवून उठावं तशी,
आणि दिवा मालवला.

बराच वेळ काही नाही.
मग अंधारात डावा हात चाचपत आला
आणि माझ्या मनगटावर उभा आडवा राहिला.
पोतं काट्यावर डुगडुगत असताना
मापाडी धरतो तसा:
अजून नाही. स्थिर होऊ दे.

मंडळीतल्या बायका म्हणतात, "तबिथाबाई, काय तुमचा धीर!"
मी पदर सावरते.
त्यांना कसं सांगू, आमच्या घरात
धीर धरून कोण बसलंय,
वर्षभर कोण वाट बघतंय
की या बाईला एका शब्दातलं सगळं
कधीतरी कळेल.

काल ओळ सोडली, आणि ते म्हणाले,
"आज."
हाळी नव्हे. पण स्पष्ट.
बारदान वजा करूनही
माझ्या दोन्ही हातांना उचलेना.

सकाळी चहा दिला. कांदा, म्हणाले.
हो, कांदा, म्हटलं मी.
साखर कमी पडली का?