साडेसतरा इंचाचं वळण

तीन गाड्या आहेत यादीत.
एक जपानी, बदकाच्या चोचीसारखं लांब नाक.
एक फ्रेंच, जिचे डबे शेजाऱ्याच्या चाकांवर टेकून बसतात.
एक जर्मन, पांढरी, कमरेला लाल करगोटा.
तिघींच्या किमती यशोधरेला मी अर्ध्याच सांगितल्या आहेत.

आठ बाय चारची प्लाय, मानेवाड्यातली मागची खोली.
बाहेर सेहेचाळीस आणि कूलर थेट पुलावर,
म्हणून भर मे महिन्यात
माझ्या रुळांना गंज चढतो.
डोंगर काझीने केले. सदरला कवळ्या बनवतो तो,
उरलेलं प्लास्टर डब्यातून आणून ओतलं.
बोगद्याच्या तोंडाशी नीट पाहिलं
तर कुणाची तरी दाढ उमटलेली आहे.

काझी म्हणतो, जपानी घे, नाक पाहा.
मी म्हणतो, नाकावर नको जाऊ बाप्पा, वळण पाहा.
साडेसतरा इंचाचं वळण आपलं.
लांब डबा तिथे आतल्या बाजूला पोट काढतो
आणि बाहेरच्या बाजूला शेपूट फेकतो.

चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
खाली जुन्या वाघिणीची चाकं लावली,
आणि बोटाने ढकलत नेला.
जपानी मापाने प्लॅटफॉर्मचा दिवा पाडला.
जर्मन मापाने बोगद्याची दाढ खरवडली.
फ्रेंच डबे आखूड. कशालाही न शिवता निघून गेले.
काझी हात झटकत म्हणाला, ठरलं मग.

ठरलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी छोट्या लाइनवर काढली,
इतवारी ते नागभीड.
उमरेडच्या पुढे चढावर एक म्हैस
इंजिनाच्या बरोबरीने चालायची.
तिला मी कधी हॉर्न दिला नाही.
मग लाइन उखडली, मोठी होणार म्हणून.
काझी विचारतो, तुझीच गाडी का नाही बनवत?
तिचं काय,
ती मला डोळे मिटून येते.

रात्री झोप लागेना, तर भागाकार केला.
तीनशे भागिले सत्त्याऐंशी.
साडेतीनला थोडं कमी.
दिवा लावून पुन्हा केला, तेवढंच आलं.
बायपासनंतर डॉक्टर मुळकांनी
चिठ्ठीवर हाच आकडा लिहिला होता:
रोज पाऊण तास, सपाटीवर,
ताशी साडेतीन, जास्त नाही.
म्हणजे ती तुफान गाडी
कॉलनीच्या बागेत आणली
तर माझ्या बरोबरीने चालेल.
म्हैस मी, ह्या खेपेला.

टेबल मात्र अडीच सेकंदांत संपतं.
त्याला इलाज नाही.

फ्रेंचच मागवली. पाच डबे परवडले नाहीत, तीन घेतले.
खोकं आलं तेव्हा मी बागेत होतो.
बिल यशोधरेने उघडलं.
काही बोलली नाही. पोहे वाढले.
तर्री नव्हती.

संध्याकाळी वळणाच्या अलीकडे
काडेपेटीच्या काडीवर पिवळी पाटी रोवली: २०.
काझी हसायला लागला,
तीनशेच्या गाडीला वीस?
मी म्हटलं, हसू नको, सही कर.
सावधगिरीचा हुकूम मिळाल्याची सही
घेतल्याशिवाय गाडी सोडत नसतात.
त्याने केली, पेन्सिलीने,
कुण्या बाईच्या खालच्या कवळीच्या मापामागे.

मग मी बटण इतकं हळू फिरवलं
की आधी नुसतीच गुणगुण आली,
आणि बऱ्याच वेळाने नाक हललं.
दिवा ओलांडला. दाढ ओलांडली.
काझीने श्वास धरला होता, मला ऐकू येत होतं.

यशोधरा पदराला हात पुसत दारात उभी.
दोन फेऱ्या पाहिल्या तिने, तिसरीही पाहिली.
मग म्हणाली,
इतक्या पैशाची गाडी,
अन् रिकामीच काऊन जाऊन राहिली?