तिसऱ्या नंबरची कॅप

उद्यमबागेत सकाळी फाउंड्रीचा धूर खाली बसतो,
कपड्यांच्या आधी जिभेला लागतो.
कडोलकरांचा तन्मय बापाची पांढरी एस्टीम घेऊन आला.
मागच्या काचेला अजून
मिरजेच्या दवाखान्याची पार्किंगची चिठ्ठी.
"मामा, टर्बो बसवायचाय. पुण्याहून पार्सल आलंय."
मी म्हटलं, टर्बो बसतोय की रे.
आधी बघूया, खाली सोसणारं कोण हाय.

हेड उतरलं.
बोअरच्या माथ्याला नखाला अडणारी पायरी,
रिंगा सैल,
व्हॉल्व्हची सीलं शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक.
बेअरिंगच्या शेलवरचा करडा रंग जाऊन तांबं दिसत होतं.
एक, दोन, चार.
तिसरं मी शेवटी ठेवलं.

ते मी बसवलेलं.
एकोणीस वर्षांमागं, पिरनवाडीच्या शेडात,
हसनसाब किल्लेदारांच्या हाताखाली.
त्या संध्याकाळी अनगोळला टेनिस बॉलची फायनल होती.
तिसऱ्या कॅपचे नट पान्यानं आवळले,
का नुसते हातानं टेकवले,
हे मला बॉलिंगला धावताना आठवलं.
आणि मी सांगितलं नाही.

उस्ताद माझ्याशी मराठीत बोलायचे,
घरच्यांशी दखनीत,
नट मात्र कानडीत आवळायचे.
ओंदु. एरडु. पाना कट्ट वाजला की, साकु.

एकोणीस वर्षं ही गाडी
खानापूर रोडला, गोगटे सर्कलला दिसली
की मी बोलणं थांबवून कान द्यायचो.
ठोका येतोय का.
बायकोला वाटायचं, गाडीत कोण ओळखीचं आहे.
ठोका कधी आला नाही.

कॅप रॉकेलमध्ये बुडवून पुसली.
माझ्या छिन्नीच्या तीन रेघा, वाकड्या.
आणि त्यांच्या शेजारी पंचचा एक ठिपका,
डावखुऱ्या हाताचा, थोडा कलता.
हा ठिपका उस्ताद फक्त
स्वतः आवळलेल्या नटाजवळ मारायचे.

म्हणजे मी गेल्यावर
त्यांनी चेंबर परत उतरवला.
भरलेलं ऑईल परत काढलं.
त्या गुडघ्यांनी परत गाडीखाली गेले.
दुसऱ्या दिवशी मला एवढंच विचारलं,
किती रन केलास?

तन्मय म्हणाला, "मामा, काय झालं?"
काही नाही, म्हटलं. लिहून घे.
पिस्टन, रिंगा, शेल, ऑईल पंप, टायमिंग बेल्ट.
टर्बोच्या किमतीएवढं होतंय.
त्याचं तोंड उतरलं.
"जुनंच घट्ट बसवलं तर?"
घट्ट बसवून चालत नाही रे,
तेलाला उभं राहायला जागा लागते,
केसाच्या निम्म्यापेक्षा कमी,
पण लागते.

बडिगेरनं बोअर करून दिला.
जुने पिस्टन भंगारवाल्यानं तोलले,
भाव पाडला, गोणीत टाकले.
तिसरा शेल मी खिशात ठेवला.
धुण्यात निघाला तर निघेल.

काल कॅपा यल्लेशनं आवळल्या आणि लवकर गेला,
बसवण कुडचीला कुणाचं तरी जेवण होतं.
चेंबर अजून लावायचा होता.
शटर अर्धं ओढून मी खाली झोपलो,
पाना घेऊन.
पहिली, कट्ट. दुसरी, कट्ट.
तिसरीला हात जरा थांबला.
कट्ट.
चौथीही.

पोरानं सगळ्या बरोबर आवळल्या होत्या.
पंच उचलला होता,
तो परत पेटीत ठेवला.