वयाचा रकाना

सातपूर कॉलनी, रो-हाऊस नंबर नऊ.
शिरीष. घेर सात फूट दोन इंच.
कल अंगणवाडीच्या पत्र्याकडे.
टेपचं दुसरं टोक धरायला
खैरनार स्वतःच आले;
झाड मध्ये, म्हणून एकमेकांचे चेहरे दिसेनात.

"वय?" मी विचारलं.
"माझं की ह्याचं?"
मग पलीकडूनच म्हणाले,
"कंपनीत पर्मनंट झालो ना, त्याच आठवड्यात लावलं."

कंपनीच्या आवारात आता गाजरगवत,
छातीला लागेल एवढं.
त्याला परवानगी लागत नाही,
ना यायला, ना उपटायला.

झाडाचं मात्र तसं नाही.
वय जितकं, तितकी रोपं लावून द्यायची.
मी एकेचाळीस लिहिलं.
त्यांनी अंगण पाहिलं:
एक नळ, एक तुळस,
भिंतीला टेकवलेली सायकल.

"तीस लिहा की, साहेब."
मी पेन उचललं.
वर वाळक्या शेंगा खुळखुळल्या,
पत्र्याखाली पोरं पाढे म्हणत होती.
"नको. खरं तेच राहू द्या."

सही कुठे, ते मी दाखवलं.
त्यांनी सही केली,
आणि सहीखाली, सवयीनं,
टोकन नंबर लिहिला.