परतीची तार

रंकाळ्याच्या मधोमध नाव थांबली.
आधी मोटरचा आवाज गेला,
मग पुढचा दिवा,
मग इलाहीचं बोलणं.

संध्यामठ उजव्या हाताला, निम्मा पाण्यात.
काठावरच्या गाड्यांवर एकेक बत्ती लागत होती
आणि आम्ही वाऱ्यानं हळूहळू
जलपर्णीकडं सरकत होतो.

तात्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून आणलेलं.
उजवा हात मांडीवर, ठेवू तिथंच राहणारा.
वाचा फाल्गुनापासून बंद.
एकोणचाळीस वर्षं उद्यमनगरात मोटारी भरल्या या माणसानं,
पंचगंगेच्या काठचे पंप, गुऱ्हाळांचे, पिठाच्या गिरण्यांचे.
जळक्या वार्निशाचा वास
धुतलेल्या सदऱ्यातही राहायचा.

इलाहीनं फ्यूज काढला, उजेडाकडं धरला,
फुंकून बसवला. पुन्हा काढला. पुन्हा फुंकला.
"फ्यूज तर चांगलाय वो ताई.
बॅटरी बी सकाळीच भरलीया."
त्याच्या डब्यात एक पक्कड, दहा-अकराचा पाना,
खोबरेलची बाटली, आणि कुणाचा तरी चष्मा.
मालकाला फोन लावला, तर मालक जोतिबाच्या डोंगरावर.

"सरक, मी बघतो," म्हणाले मी.
(आमच्याकडं बायका अशाच बोलतात.
पुण्याच्या सासूला ते अजून पचलेलं नाही.)

पुढच्या दिव्याचा बल्ब काढला,
त्याच्या दोन शेपट्या दातानं सोलल्या.
लाल तार धरली बॅटरीपासून मोटरपर्यंत,
बोट-बोट, सांध्या-सांध्याला,
दुसरं टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीवर.
बल्ब लागला. पुढं लागला. मोटरपाशीही लागला.
म्हणजे येतंय सगळं,
आणि मोटर मुकी.

तेव्हा फळीवर दोन ठोके पडले.
डाव्या हाताचे.
दुकानात लेथच्या आवाजात हाका ऐकू यायच्या नाहीत,
तात्या पेचकसाच्या मुठीनं टेबल ठोकायचे.
एक म्हणजे थांब.
दोन म्हणजे, दुसरीकडनं बघ.

घरात चुकारीचा करंट जमीन पोटात घेते.
फायबरच्या नावेला कुठली जमीन?
जे गेलं, ते तारेनंच माघारी यायला हवं.
आणि मी तासभर
जाणाऱ्या तारेचीच चौकशी करत बसलेली.

काळी तार. बाकाखालून, ओल्या पोत्याखालून,
पाणी उपसायच्या तांब्याच्या मागून.
तिथं थिंबळ, हिरवं, शेवाळासारखं मऊ,
हात लावला आणि तुटलं.
वरचं प्लास्टिक शाबूत होतं म्हणून
कुणाला दिसलं नसतं कधी.

"मोबाईल धर. हलवू नको. बॅटरीची तार सोडव आधी."
काळं पडलेलं कापलं, चकाकी लागेपर्यंत,
इंचभर सोललं, दोन्ही टोकं एकात एक घालून
उजवीकडं पीळ दिला, पकडीनं दाबला.
चिकटपट्टी नव्हती.
प्रथमोपचाराच्या पेटीत जखमेच्या पट्ट्या निघाल्या,
लहान मुलांच्या, ससे छापलेल्या.
चार ससे गुंडाळले सांध्याभोवती.

"थांबा ताई, चालू करू?"
"थांब."

कारण तात्या वाकत होते.
डावा हात बाकाखाली गेला,
सांधा सापडेपर्यंत चाचपत राहिला.
माझ्या पहिल्या मोटरपासून
माझा एकही सांधा त्यांनी ओढून बघितल्याशिवाय सोडला नाही.
दहावीच्या सुट्टीत सतरा तुटले होते.

ओढला.
राहिला.

परत ओढला, जोरात, नाव हलली इतक्या जोरात,
इलाही म्हणाला, "अवो आजोबा!"

मग पाठ टेकून बसले,
पाण्याकडं तोंड करून,
आणि फळीवर एक ठोका दिला.

एक म्हणजे थांब.
थांबलो आम्ही तिघंही, मोटर तयार असताना,
किती वेळ ते मोजलं नाही.
भेळवाल्याची घंटा पाण्यावरून येत होती.
इलाहीनं एकदा घड्याळ बघितलं,
आणि काही बोलला नाही.